सुरुंगाचे हादरे आणि भिंतीचे तडे

बोगद्यातला सुरुंग उडाला की घरातली भांडी खणखणतात. सेकंदाला एक मिलिमीटरपेक्षा कमी वेगाचे कंपनही माणसाला जाणवते. घराला धोका त्याच्या बराच पुढे सुरू होतो. पण तेवढ्याने भिंतींना तडे गेल्याची रहिवाशांची तक्रार खोटी ठरत नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या निकषांत खाणमालकाच्या नसलेल्या घरांसाठी ८ हर्ट्झखालच्या कंपनाला सेकंदाला ५ मिलिमीटरची मर्यादा आहे, २५ हर्ट्झच्या वर १५ मिलिमीटरची. ऐतिहासिक वास्तूंसाठी ती अनुक्रमे २ आणि १०. संथ कंपन इमारतीच्या स्वतःच्या कंपनाशी जुळू शकते, म्हणून ते अधिक घातक. तडे ऊन आणि ओलीनेही पडतात, हा बोगद्याच्या ठेकेदाराचा आक्षेप खराच. पण म्हणूनच पहिल्या सुरुंगाआधी घराघरांतल्या भिंतींची तारखेसह छायाचित्रे घेणे ही त्याचीच जबाबदारी आहे.