रोजे आणि मनाची गोळी
रमजानचा चांद दिसला की काही जण नैराश्यावरची गोळी स्वतःहून बंद करतात. धोका तिथेच आहे. एकाएकी गोळी सोडली तर चक्कर येते, जीव अस्वस्थ होतो, दुखणे उलटू शकते. एस्सिटॅलोप्रॅम, सरट्रालिन या गोळ्या बहुधा दिवसातून एकदाच असतात; डॉक्टरांना विचारून त्या सहेरीला किंवा इफ्तारनंतर घेता येतात. सुरुवातीची मळमळ, डोकेदुखी सहसा काही आठवड्यांत ओसरते. जुन्या अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडे पडते, गुंगी येते, बद्धकोष्ठता होते. रोज्यात हा त्रास जास्त जाणवतो. आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिली आहे. सुटलेले रोजे बरे झाल्यावर ठेवता येतात. मनाचा आजार हाही आजारच.