ग्रीकांची 'कोइने' आणि पुण्याची प्रमाण मराठी

मराठीची प्रमाणभाषा म्हणजे पुण्याची बोली, हे विधान आपल्याकडे दोन प्रकारचे लोक करतात. काही ते अभिमानाने करतात, काही तक्रारीच्या सुरात. आश्चर्य असे की, विधान मुळात खरे आहे किंवा नाही याची चौकशी करण्याची गरज दोन्ही पक्षांना सहसा भासत नाही. ही चौकशी करू इच्छिणाऱ्याने ग्रीक भाषेच्या इतिहासातील एका प्रकरणाकडे प्रथम वळावे, असे सुचवावेसे वाटते.

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात 'ग्रीक' या नावाची एकच एक भाषा नव्हती. अ‍ॅटिक, आयोनिक, डोरिक, इओलिक अशा बोली होत्या आणि त्यांतील अनेकींना आपापले वाङ्मय होते. अथेन्सचे आरमार व व्यापार यांमुळे तेथील अ‍ॅटिक बोलीचा प्रसार झाला. पुढे मॅसिडोनियाच्या दरबाराने राज्यकारभारासाठी तीच स्वीकारली. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर (इ. स. पू. ३२३) अलेक्झांड्रिया, अँटिओक यांसारख्या नव्या शहरांत ठिकठिकाणचे ग्रीक एकत्र नांदू लागले, आणि या वस्तीत जी भाषा रूढ झाली तिला 'कोइने दिआलेक्तोस', म्हणजे सामाईक बोली, असे नाव मिळाले. सम्राट अशोकाच्या कंदाहार येथील द्विभाषिक लेखातील ग्रीक मजकूर याच भाषेत आहे. आंत्वान मेये यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रीक भाषेच्या इतिहासात या कोइनेचे मार्मिक विवेचन आहे. मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिणारे ज्यूल ब्लॉक हे त्यांचेच शिष्य, हा योगायोग मराठीच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

कोइनेचा पाया अ‍ॅटिक होता हे खरे. पण कोइने म्हणजे अ‍ॅटिक नव्हे. समुद्राला अथेन्सचे लोक 'थालत्ता' म्हणत. तेथील आणि शेजारच्या बिओशियातील बोली सोडल्यास बहुतेक ग्रीक बोलींत 'थालस्सा' असे रूप होते. कोइनेने 'थालस्सा' घेतले. किंबहुना थ्युसिडिडीससारखा अथेन्सचाच इतिहासकार त्याआधीपासून 'स्स' लिहीत होता. आपल्या गावचा विशेष बाहेर चालणार नाही, हे त्याला उमगले असावे. अ‍ॅटिकमध्ये टिकून असलेले द्विवचनही कोइनेत लोपले. जेफ सीगल (१९८५) आणि पीटर ट्रडगिल (१९८६) यांनी अर्वाचीन काळातील बोलींच्या संपर्काचा अभ्यास करून हीच प्रक्रिया अधिक नेमकी मांडली: अनेक बोली एका ठिकाणी आल्या की एकाच बोलीपुरते मर्यादित असलेले विशेष झिजतात, बहुसंख्य बोलींना समान असलेली रूपे टिकतात, आणि व्याकरणातील गुंतागुंत कमी होते.

आता पुण्याकडे पाहू. बाळाजी विश्वनाथास १७१३ मध्ये पेशवाई मिळाली; १७३० मध्ये शनिवारवाड्याचे बांधकाम सुरू झाले. त्यानंतर कोकणातून वर आलेली कुटुंबे, देशावरचे जुने वतनदार, शिपाईगडी, कारकून, शास्त्री, गुजराती व मारवाडी सावकार यांची दाट वस्ती या शहरात झाली. कोकणातून आलेल्या चित्पावनांची घरची बोली आजच्या प्रमाण मराठीहून बरीच निराळी होती. रत्नागिरीकडील, गोव्यातील व कर्नाटकच्या किनाऱ्यावरील काही घरांत ती टिकून राहिली. पुण्यात स्थिरावलेल्या घराण्यांनी मात्र ती सोडून दिली. तेव्हा सत्ताधारी वर्गाने आपली बोली शहरावर लादली, ही समजूत निदान या शब्दांत तरी टिकत नाही. त्या वर्गाने येथे येऊन आपली बोली टाकली व देशावरच्या भाषेचा सांगाडा स्वीकारला.

कोइनेचे आणखी एक लक्षण येथे दिसते. जुन्या कागदपत्रांत 'म्यां केले', 'त्वां सांगितले' अशी कर्त्याची वेगळी रूपे सर्रास आढळतात. आज प्रमाण मराठीत 'मी आलो' आणि 'मी केले' यांत 'मी' एकच आहे. तृतीयपुरुषी 'त्याने' टिकला, प्रथम व द्वितीय पुरुषांतील भेद गेला. द्विवचनाच्या लोपाशी याचे साम्य उघड आहे. तथापि हा नियम सरसकट लावता येत नाही. कोल्हापूरकडील स्त्रिया 'मी जातो' म्हणतात, म्हणजे तेथे प्रथमपुरुषी लिंगभेद उरलेला नाही. प्रमाणभाषेने मात्र 'मी जाते' हा भेद सांभाळला आहे.

साम्य खरोखर तुटते ते 'ण' या एका वर्णाशी. पुण्याच्या आसपासच्या अनेक खेड्यांत 'पानी', 'लोनी', 'कोन' असेच उच्चार ऐकू येतात. वऱ्हाडीत 'पानी', खानदेशात 'पानी', उत्तर कोकणच्या आगरी बोलीतही 'पानी'. मालवणीसारख्या काही बोलींत 'ण' आहे. पण बहुमत 'न'काराकडे आहे हे स्पष्ट आहे. कोइनेचा नियम चालला असता तर प्रमाण मराठीत 'पानी' यावयास हवे होते. ते आले नाही. पुण्याच्या मातीतील उच्चारही नव्हे आणि बहुसंख्य बोलींतील उच्चारही नव्हे, असा 'ण' प्रमाण ठरला. जुन्या ग्रंथांत तो होता, आणि लेखणी हाती असलेल्या, संस्कृताचा संस्कार झालेल्या वर्गाच्या तोंडी तो होता. याला ग्रीकांतील समांतर उदाहरण कोइनेत नव्हे, तिच्या विरोधकांत सापडते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अ‍ॅटिकवादी पंडितांनी जुन्या ग्रंथांतील अ‍ॅटिक रूपे तेवढी शुद्ध ठरवून लोकांच्या तोंडची कोइनेतील रूपे भ्रष्ट म्हणून निकालात काढली होती.

सारांश, आपल्या प्रमाणभाषेत कोइने आणि तिचा विरोधक अशा दोन्ही प्रवृत्ती एकत्र नांदत आहेत. यांपैकी दुसरीला बळ मिळाले ते छापखान्यामुळे. मराठेशाहीचा पत्रव्यवहार ग्वाल्हेरपासून तंजावरपर्यंत चाले व तो बहुतांशी मोडीत असे. मोडीत इकार-उकाराचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखविले जात नसत. अर्थात त्या बाबतीत 'शुद्धलेखन' हा प्रश्नच उद्भवत नव्हता. मोल्सवर्थचा कोश (१८३१), दादोबा पांडुरंगांचे व्याकरण (१८३६) आणि सरकारी शाळांची क्रमिक पुस्तके देवनागरीत छापली गेली, तेव्हा तो उद्भवला. विरामचिन्हेही त्याच काळात, मुख्यतः मेजर कँडी यांच्या खटपटीने, रूढ झाली. आज ती मराठीच्या जन्मापासून असल्यासारखी वाटतात. लेखन नेहमीच उच्चारावर मात करते असेही नाही. प्रमाण उच्चारातून कधीच गेलेले अनुनासिक लेखनात अनुस्वाराच्या रूपाने दीर्घकाळ रेंगाळले. साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले तेव्हा कोठे त्या अनुस्वारांना रजा मिळाली.

या विवेचनाचा व्यावहारिक भाग शिक्षकांशी संबंधित आहे. 'पानी' लिहिणाऱ्या मुलाची वही दुरुस्त करणे हा लेखनाच्या संकेताचा भाग झाला. परंतु त्याचा उच्चार 'बिघडलेला' आहे असे त्याला सांगणे इतिहासाला धरून नाही. वर्गात असे सांगितले जाते, आणि मूल पुढे बोलेनासे होते.

संशोधकांसाठी मात्र याहून तातडीचे काम आहे. अमृत माधव घाटगे यांच्या सर्वेक्षणमालेने कुडाळी, महाडची कुणबी बोली, ठाण्याची वारली यांची नोंद १९६० च्या दशकात केली. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले. अशा कामात बोली तिच्या स्वतःच्या प्रदेशात, गावोगाव जाऊन टिपली जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे स्थलांतरितांची वसाहत साहजिकच दृष्टीआड राहते. पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला व त्यामागोमाग पिंपरी-चिंचवड परिसरात उद्योग वाढत गेले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सांगली-सातारा येथून आलेली कुटुंबे तेथे शेजारी शेजारी राहतात. 'मला', 'मले', 'माले' ही तिन्ही रूपे एकाच जिन्यावर ऐकू यावीत अशी ही वस्ती आहे. अलेक्झांड्रियातील पहिल्या पिढीचे बोलणे कोणी टिपून ठेवले नाही. येथे ते टिपता येते.

त्यासाठी फार मोठी यंत्रणा नको. एकाच घरातील आजी, आई व नात यांचे तासभराचे स्वैर संभाषण ध्वनिमुद्रित करावे आणि त्यात तीनच गोष्टी पाहाव्यात: 'ण' की 'न', 'ला' की 'ले', आणि स्त्री स्वतःविषयी बोलताना 'जाते' म्हणते की 'जातो'. नातीचे घरातले व शाळेतले बोलणे वेगवेगळे टिपता आल्यास अधिकच चांगले. अशी पन्नास घरे झाली तरी एका पदव्युत्तर प्रबंधास पुरेल इतकी सामग्री हाती येईल. मात्र त्यांतील आजींची पिढी आता वृद्ध झाली आहे, तेव्हा हे काम येत्या काही वर्षांतच व्हावयास हवे.