फाटक परदेशी, वहिवाट देशी

ब्रिटनमध्ये रस्ता आणि रेल्वेरूळ जेथे एकाच पातळीवर एकमेकांना छेदतात, तेथे आळीपाळीने लुकलुकणाऱ्या दोन लाल दिव्यांची जोडी असते. रेल्वेचे अभियंते या जोडीला ‘विग-वॅग’ म्हणतात. विग-वॅग म्हणजे इकडून तिकडे डोलणे. प्रत्यक्षात या दिव्यांत डोलणारे काहीच नाही. हे नाव आले अमेरिकेतून, आणि तेही वेगळ्याच यंत्रावरून. दक्षिण कॅलिफोर्नियातील पॅसिफिक इलेक्ट्रिक या रेल्वे कंपनीचा अभियंता अल्बर्ट हंट याने १९०९ मध्ये एक साधन तयार केले. गोल तबकडी, तिच्या मध्यभागी लाल दिवा, आणि गाडी जवळ येताच विद्युतचुंबकाच्या साह्याने लंबकासारखी हलणारी दांडी. फाटकावरचा पहारेकरी हातातील लाल कंदील हलवून लोकांना थांबवीत असे. त्याचीच हालचाल हंटने यंत्राकडे सोपविली होती. पुढे १९१३ मध्ये न्यू जर्सी राज्यात आळीपाळीने पेटणारे दोन दिवे बसविण्यात आले. त्यांनी डोलण्याचा नुसता भास निर्माण केला आणि झिजणारी दांडी अनावश्यक ठरविली. तीच जोडी आज ब्रिटन, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, जपान अशा परस्परांपासून दूरच्या देशांत दिसते.

यंत्रे अशी देशोदेशी सहज प्रवास करतात. त्यांच्यामागचा विचार मात्र मायदेशीच राहतो. समपार फाटकांच्या बाबतीत हा विचार मुळात दोन परस्परविरोधी घराण्यांचा आहे.

पहिले घराणे ब्रिटिश. रेल्वे ही कुंपणाने बंदिस्त केलेली खासगी वाट, आणि तिच्यावरून रस्ता जाऊ द्यायचा तर जबाबदारी रेल्वेचीच, अशी तेथील संसदेची धारणा होती. १८३९ च्या कायद्याने फाटके आणि त्यांवर योग्य माणूस ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले. पुढे फाटक आणि सिग्नल एकमेकांत गुंतविले गेले. फाटक लागल्याखेरीज सिग्नल पडणार नाही आणि सिग्नल पडलेला असताना फाटक उघडणार नाही, अशी ही व्यवस्था. यालाच इंटरलॉकिंग म्हणतात. दुसरे घराणे अमेरिकी. तेथे हजारो मैलांचे रूळ उघड्या माळरानातून गेलेले. प्रत्येक छेदावर माणूस ठेवणे अशक्यच होते. म्हणून रेल्वेने फक्त इशारा द्यायचा, थांबायचे की नाही हे पाहणाऱ्याने ठरवायचे. गाडी फाटकासाठी थांबत नाही. इशारा देण्याचे काम गाडीच करते. १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन याने पेटंट घेतलेल्या ट्रॅक सर्किटमुळे हे शक्य झाले. रुळांतून क्षीण विद्युतप्रवाह सोडायचा, गाडीच्या चाकांनी दोन्ही रूळ जोडले गेले की तो वाटेतच वळतो आणि पलीकडचा रिले सुटून घंटा वाजू लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर या दोन घराण्यांची गाठ पडली, ती युरोपात. नेदरलँड्सने युद्धानंतर आपली सिग्नल यंत्रणा उभारताना अमेरिकी तंत्राचा सढळ हाताने वापर केला. १९५० च्या दशकात तेथे स्वयंचलित अर्धे फाटक रूढ होऊ लागले. हे फाटक रस्त्याची केवळ येणारी बाजू अडविते आणि बाहेर पडण्याची बाजू मोकळी ठेवते, म्हणजे वाहन आत कोंडले जात नाही. ब्रिटनमध्ये तेव्हा फाटकावर राबणारी माणसे मिळेनाशी झाली होती, वेतनाचा खर्चही वाढत होता. तेथील अधिकाऱ्यांनी युरोप खंडात जाऊन ही फाटके पाहिली आणि तशीच आपल्याकडे आणण्याचे ठरविले. स्टॅफर्डशायरमधील स्पाथ या गावी फेब्रुवारी १९६१ मध्ये देशातील पहिले स्वयंचलित अर्धे फाटक सुरू झाले.

त्यानंतर सातच वर्षांनी, त्याच परगण्यातील हिक्सन येथे, या आयातीची किंमत मोजावी लागली. हिक्सनच्या फाटकावरचा माणूस काढून तेथे १९६७ मध्ये अर्धी फाटके बसविण्यात आली होती. ६ जानेवारी १९६८ रोजी १२० टनांचा ट्रान्सफॉर्मर घेऊन सुमारे दीडशे फूट लांबीचे एक वाहन पोलिसांच्या गाडीमागोमाग तेथे आले. वर विजेच्या तारा होत्या. ट्रान्सफॉर्मर त्यांना लागू नये म्हणून वाहन माणसाच्या चालीपेक्षाही हळू चालले होते. संपूर्ण वाहन रुळांपलीकडे जायला सुमारे एक मिनिट लागणार होते. फाटकाची यंत्रणा मात्र गाडी पोहोचण्यापूर्वी अवघे २४ सेकंद आधी इशारा देण्यासाठी जुळविलेली होती. दिवे लुकलुकू लागले, दांड्या खाली आल्या आणि मँचेस्टरहून लंडनकडे ताशी सुमारे ७५ मैल वेगाने निघालेली एक्स्प्रेस ट्रान्सफॉर्मरवर आदळली. अकरा जण ठार झाले.

अवजड वाहनांनी रूळ ओलांडण्यापूर्वी सिग्नलमनला दूरध्वनी करावा, अशी सूचना फाटकापाशी होती, दूरध्वनीही होता. वाहनाबरोबरच्या कोणीही तो उचलला नाही. हा नुसता निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येत नाही. शंभराहून अधिक वर्षे ब्रिटिश वाहनचालक असेच धरून चालला होता की, फाटक उघडे आहे म्हणजे गाडी येणार नाही; येत असलीच तर तिला सिग्नल मिळणार नाही. जुने फाटक असते तर ही समजूत खरीच ठरली असती. नव्या फाटकाने तिचा पायाच काढून घेतला होता. फाटकात कोणी अडकले आहे की नाही हे त्या यंत्राला कळत नव्हते आणि गाडीचा चालकही ते वेळेत पाहू शकत नव्हता. रेल्वे बदलली, रस्त्याला ते कोणी नीट सांगितले नाही. दुर्घटनेच्या चौकशीसाठी ब्रायन गिबन्स यांच्या अध्यक्षतेखाली विशेष न्यायालय नेमले गेले. १८७९ च्या टे पुलाच्या दुर्घटनेनंतर अशी चौकशी प्रथमच होत होती. पुढे इशाऱ्याचा अवधी वाढला, लाल दिव्यांआधी पिवळा दिवा आला, अवजड वाहनांसाठी मोठे फलक लागले आणि नव्या फाटकांचा वेग बराच मंदावला. म्हणजे आयात केलेल्या यंत्रावर ब्रिटनने आपली कलमे लावली, पण अकरा मृत्यूंनंतर.

जपाननेही दोन्ही घराण्यांकडून घेतले. तेथील पहिली रेल्वे १८७२ मध्ये ब्रिटिश अभियंत्यांच्या मदतीने धावली. दिव्यांची जोडी अमेरिकी वळणाची. परंतु जपानी कायद्याने त्यांत एक भर घातली. समपार फाटक उघडे असले तरी वाहनचालकाने रुळांपूर्वी थांबायचे आणि खात्री करूनच पुढे जायचे. वर्दळीच्या फाटकांवर आपत्कालीन बटण आणि रुळांवर अडकलेली वस्तू ओळखणारे संवेदक असतात. हिक्सनच्या यंत्राला जे दिसत नव्हते, ते पाहण्याची सोय तेथे यंत्रातच केली गेली. १९६८ च्या व्हिएन्ना कराराने काही चिन्हे सर्वमान्य केली. त्यात आडव्या क्रॉसबरोबरच, गाडी येत नसताना संथपणे लुकलुकणाऱ्या चांदण्यासारख्या पांढऱ्या दिव्यालाही स्थान मिळाले. हा दिवा पूर्व युरोपात सर्रास दिसतो. यंत्रणा चालू आहे, एवढे तो सांगतो. दिवा विझलेला दिसला तर बिघाड समजावा. अमेरिकेत नुसत्या अंधारालाच ‘सगळे ठीक’ समजावे लागते!

या व्यवहारात एक गमतीचा उलटा प्रवाहही आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८८१ मध्ये स्थापन केलेली युनियन स्विच अँड सिग्नल ही कंपनी १९८८ मध्ये इटलीच्या अन्साल्डोकडे आणि अन्साल्डोचा सिग्नल व्यवसाय २०१५ मध्ये जपानच्या हिताचीकडे गेला. जनरल रेल्वे सिग्नल ही कंपनी फ्रान्सच्या आल्स्टॉममध्ये विलीन झाली. फाटकांची सामग्री बनविणारी सेफट्रान २०१३ मध्ये जर्मनीच्या सीमेन्सने घेतली. ज्या अमेरिकेने जगाला फाटकावरचा दिवा दिला, तिच्याच रस्त्यांवरच्या दिव्यांचे मालक आता परदेशी आहेत.

भारतात मात्र ब्रिटिश घराण्याचीच वहिवाट कायम राहिली. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली, तेव्हापासून फाटक म्हटले की फाटकवाला हे समीकरण पक्के झाले. रुळांकडेच्या फलकांवर ‘सी/फा’ अशी अक्षरे असतात. सीटी वाजवा, पुढे फाटक आहे, हा चालकासाठीचा आदेश. महत्त्वाच्या फाटकांवर इंटरलॉकिंग आहे. त्यामुळे प्रवाशांच्या वाट्याला आलेला त्रास मुंबईकरांना ठाऊक आहे. दिवा येथील फाटकाने मध्य रेल्वेचे वेळापत्रक वर्षानुवर्षे विस्कळीत केले, कारण वाहने रुळांवरून हलेपर्यंत दांडी पडत नाही, दांडी पडल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही आणि मागे लोकलची रांग लागते. एखाद्या अर्ध्या फाटकाने हा प्रश्न सुटला असता असे वाटेल. पण दांडीच्या मोकळ्या बाजूने दुचाकी घालणाऱ्यांच्या देशात ते फाटक कोणाला थांबविणार?

इंटरलॉकिंग नसलेल्या फाटकांवर मात्र सारा भार दोन माणसांच्या दूरध्वनीवरील बोलण्यावर असतो. स्टेशन मास्तर विचारतो, फाटकवाला ‘बंद केले’ असे सांगून एक खासगी क्रमांक देतो, तो नोंदविला जातो आणि गाडी सुटते. दांडी खरोखर खाली आहे की नाही हे सिग्नलला ठाऊक नसते. ब्रॉडगेजवरील सर्व मानवरहित फाटके जानेवारी २०१९ अखेर बंद झाल्यानंतरही हा दुवा तसाच राहिला. ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूच्या कुड्डालोर जिल्ह्यात सेम्मनकुप्पम येथे अशाच, इंटरलॉकिंग नसलेल्या फाटकावर शाळेच्या व्हॅनला गाडीने धडक दिली आणि तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. दुसऱ्याच दिवशी रेल्वे मंत्रालयाने सर्व फाटकांवर सीसीटीव्ही बसविण्याचे आणि आतापेक्षा कमी वाहतुकीच्या फाटकांनाही इंटरलॉकिंगच्या कक्षेत आणण्याचे आदेश दिले.