फ्रेमवर्क कोणतं घ्यायचं? काही चिवट गैरसमज

नवा प्रोजेक्ट ठरला की टीममध्ये पहिला वाद फ्रेमवर्कवरून पेटतो आणि त्यात पहिला मुद्दा निघतो तो वेगाचा. कोणीतरी बेंचमार्कचा तक्ता उघडतं आणि सर्वांत वर असेल ते घेऊ म्हणतं. पण नेहमीच्या साइटवर वेळ खातो तो बहुतेकदा डेटाबेस. समजा, यादीत ५० ऑर्डर्स दाखवायच्या आहेत आणि प्रत्येकीसमोर ग्राहकाचं नाव हवंय. जँगोमध्ये सरळ लूप फिरवला तर यादीची एक आणि नावांच्या पन्नास, अशा ५१ क्वेरी डेटाबेसवर जाऊन आदळतात. त्याच ओळीत ‘सिलेक्ट रिलेटेड’ जोडलं की एका क्वेरीत काम होतं. हीच चूक लॅरावेलमध्ये होते, रेल्समध्येही होते. फ्रेमवर्क बदलून ती जात नाही.

‘मोठ्या कंपन्या वापरतात, म्हणजे चांगलंच असणार’ हे दुसरं पालुपद. यात दाखले सोयीने निवडले जातात. ट्विटरने रेल्स सोडून बॅकएंडचा मोठा भाग स्कालावर नेला, हे सगळ्यांना पाठ असतं. शॉपिफाय आणि गिटहब रेल्सवरच मोठे झाले, हे कोणी काढत नाही. रिॲक्ट फेसबुकने स्वतःच्या गरजेपोटी बनवलं आणि २०१३ मध्ये सर्वांना खुलं केलं. त्या गरजा हाउसिंग सोसायटीच्या पोर्टलला कुठून असणार? मेंटेनन्स भरा, पावती काढा, थकबाकी बघा, एवढ्यासाठी जँगोचं तयार ॲडमिन पॅनेल बरंच काम उरकून टाकतं. जँगो अमेरिकेत कॅन्ससमधल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकात जन्मलं. तिथे डेडलाइन तासांची असायची आणि मजकूर भरणारी माणसं प्रोग्रामर नव्हती. ते पॅनेल असं हाताशी का येतं, ते यावरून कळतं.

‘पीएचपी संपलं’ असं म्हणणाऱ्यांनी विकिपीडिया उघडावा. तो ज्या मीडियाविकीवर चालतो, ते पीएचपीतच लिहिलेलं आहे.

खरा फटका बसतो तो ‘एकदा निवडलं की सुटलो’ या समजुतीपायी. अँगुलरजेएस २०१० मध्ये आलं तेव्हा लोकांनी डोळे मिटून घेतलं. २०१६ मध्ये गूगलने अँगुलर २ आणलं ते मुळापासून नव्याने लिहिलेलं, जुना कोड त्यावर जसाच्या तसा चालेना. २०२१ संपता संपता जुन्याचा अधिकृत आधारही गेला. व्ह्यू २ चा आधार ३१ डिसेंबर २०२३ ला थांबला. जँगोच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला साधारण तीन वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात, लॅरावेलच्या आवृत्तीला दोन. बेंचमार्कआधी हे वेळापत्रक बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘सुरक्षा फ्रेमवर्कच बघून घेईल’ हा याच समजुतीचा धाकटा भाऊ. अपाचे स्ट्रट्समधल्या एका गंभीर त्रुटीवर मार्च २०१७ मध्ये पॅच निघाला होता. एक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीच्या एका पोर्टलवर तो बसवायचा राहून गेला. मे महिन्यात हल्लेखोर त्याच वाटेने आत शिरले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. फ्रेमवर्कवाल्यांनी आपलं काम केलं होतं.

म्हणून टीममधल्या चौघांना लॅरावेल येत असेल, तर पाचव्याच्या हौसेखातर दुसरं काही आणू नये. तीन वर्षांनी अपग्रेड करायला तो पाचवा असेलच असं नाही, आणि क्लायंटला दिलेल्या कोटेशनमध्ये अपग्रेडची ओळ बहुतेकदा नसतेच.