तंट्याचा अभ्यास, पण पैसा कुणाचा?

गावातलं भांडण का पेटलं आणि कसं मिटलं, हे कळायला पारावर महिनोन्‌महिने बसावं लागतं. त्या बसण्याला पैसे कोण देणार? पुण्यात १९३० मध्ये रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीतून गोखले इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था उभी राहिली. असे दाते आता विरळाच. आजच्या पीएच.डी.वाल्याची नजर यूजीसीच्या जेआरएफ या अधिछात्रवृत्तीवर असते. २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे. पुण्यातल्याच बार्टी आणि सारथी या सरकारी संस्था अनुक्रमे अनुसूचित जातींतल्या आणि मराठा-कुणबी समाजातल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. जातीय तणावावर लिहायचं तरी आधी जातीचा दाखला काढा! तरी त्यामुळे ज्यांनी चटके सोसले, त्यांच्या हाती लेखणी येते, हेही खरं.

परदेशी निधीची वाट मात्र एफसीआरए या परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने अरुंद केली. मोठ्या संस्थेने परदेशी निधी घेऊन त्यातला वाटा तालुक्यातल्या छोट्या संस्थेकडे वळवायचा, हे आता बंद. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० वर आली. कचेरीचं भाडं, वीजबिल, हिशेबनिसाचा पगार, सगळं त्यातच बसवायचं.