खोताच्या वाडीवर टॉवरची सावली

मुंबईतल्या गिरगावच्या पत्त्यांवर एकदा नजर टाका. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी! वाचूनच भूक लागावी. वाडी म्हणजे मूळची बागाईत. आज तिथे ना फणस ना केळी, नावं तेवढी उरली. पण याच गिरगावात एक वाडी अशी आहे, की तिथे नावाबरोबर जुनी घरंही टिकली. निदान काही घरं. ती म्हणजे खोताची वाडी.

अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले, असं सांगतात. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई, साष्टी, वसई या पट्ट्यातले मूळचे ख्रिस्ती लोक. त्यांची बोली मराठीच, फक्त ढंग वेगळा. मग नाव असं साहेबी कसं? तर १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याचा सुवर्णमहोत्सव झाला. तेव्हा गोवा-मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती मंडळींहून आपण वेगळे, हे कळावं म्हणून त्यांनी हे नाव घेतलं. (त्यांचा 'बाटली मसाला' मात्र अस्सल इथला! कुटून बाटल्यांत दाबून भरतात, म्हणून बाटली मसाला.)

वाडीतलं घर कसं असतं? समोर उघडा व्हरांडा, मागे अंगण, लाकडी सांगाडा, वर कौलं. गंमत म्हणजे माडीवर जायचा जिना पुष्कळदा घराबाहेरून असतो! मधल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की मोटार शिरायचं नावच नको. अशी ६५ घरं इथे होती. आता तीसही राहिली नाहीत.

गेली कुठे? पडली थोडी, पाडली जास्त. आणि त्यामागे एक गणित आहे. घाबरू नका, सोपं आहे.

जमिनीच्या एका तुकड्यावर सगळे मजले मिळून किती चटया अंथरता येतील, याचा सरकारी आकडा असतो. त्याला म्हणतात चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजेच एफएसआय. समजा, जागा १,००० चौरस फूट आणि निर्देशांक ३. तर एकूण ३,००० चौरस फूट बांधता येतं. मुंबई बेटावर साधा निर्देशांक १.३३ आहे. पण १९६९ पूर्वीच्या ज्या भाड्याच्या इमारती दुरुस्तीसाठी 'सेस' नावाचा कर भरतात, त्यांचा पुनर्विकास केला तर ३ किंवा त्याहूनही जास्त मिळतो. आता अंगण-व्हरांडा असलेलं दुमजली घर त्यातलं किती वापरतं? जेमतेम १! उरलेली जागा म्हणजे हवेत लटकलेले पैसेच. शिवाय २०२५ पासून गिरगावात भुयारी मेट्रोचं स्टेशनही आहे. म्हणजे भाव आणखी वर.

म्हणून वाडीच्या आसपास टॉवर उठले, आणि आणखी उठणार आहेत. 'शेजारी बांधेनात का, आपलं काय जातं?' असं तुम्ही म्हणाल. तर पुढचा हिशोब करून बघा. २२ डिसेंबरला भर दुपारी मुंबईत सूर्य जमिनीपासून साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. त्या वेळी १०० मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेकडे सुमारे ९० मीटर पडते. सकाळ-संध्याकाळी तर त्याहून लांब! लाकडी घराला पावसाळ्यानंतर कडकडीत ऊन लागतं. ते नाही मिळालं, की ओल मुरते आणि मागोमाग वाळवी येते. त्यात पाया खणताना बसणारे हादरे वेगळेच. जुन्या चुन्याच्या भिंतींना तडे जायला कितीसा वेळ!

मग टॉवर नकोच? थांबा. टॉवर पाहिजे म्हणणारेही आपल्यासारखेच लोक आहेत. गिरगावच्या चाळीत एका खोलीत सहा-सात माणसं राहतात. सकाळी सार्वजनिक संडासापुढे रांग. आजीला जिना चढवत नाही. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली, ती इतकी कमी राहिली की कित्येक खोल्यांच्या महिन्याच्या भाड्यात सुताराची एक दिवसाची मजुरीही सुटत नाही. मग मालक दुरुस्ती कशाला करील? अशा घरातल्या मुलाला 'जुनं ते जपा' असं सांगणं सोपं, पण मला ते बरोबर वाटत नाही. त्याला धड घर मिळायलाच हवं. आणि चाळींनाही इतिहास आहेच की! मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला तो १८९३ साली, इथल्याच केशवजी नाईकांच्या चाळीत.

खटकतं ते दुसरंच. चाळ पाडायची तर तिथल्या भाडेकरूंची संमती लागते, आणि ते योग्यच आहे. पण ज्याच्या कौलांवर सावली पडणार, त्या शेजाऱ्याला कोणी विचारत नाही! मुंबईने १९९५ साली वारसा वास्तूंसाठी नियम केले. देशात असं करणारं हे पहिलं शहर. त्या यादीतल्या इमारतीला हात लावायचा, तर प्रस्ताव वारसा समितीपुढे जातो. पण यादीतल्या परिसराची हद्द ओलांडली, की पलीकडच्या उंचीला साधारणपणे हा चाप लागत नाही. आणि सावलीला कुठली आली हद्द?

मार्ग नाहीत असं नाही. न वापरलेलं चटई क्षेत्र दुसरीकडे विकता येतं, त्याला टीडीआर म्हणतात. काही वारसा इमारतींना ही सवलत आहे. ती अशा छोट्या घरांना सहज मिळाली, तर मालकाच्या हातात दुरुस्तीला पैसे येतील आणि घर न पाडताही गणित सुटेल. टॉवर कुठे उभा करायचा, हेही बघता येतं. दक्षिणेकडून थेट वाडीवर सावली टाकण्याऐवजी तो थोडा सरकवला, उंची वाडीकडच्या अंगाला उतरती ठेवली, तर चाळकऱ्यांचीही घरं होतील आणि कौलांवर ऊनही पडेल. नकाशा मंजूर होण्याआधी हे करायला फार खर्च येत नाही. नंतर मात्र काहीच करता येत नाही.

वाडी बघायची असेल तर चर्नी रोड स्टेशनवर उतरून सेंट टेरेसा चर्चकडे चालत जा. तिथून वाडी कोणीही दाखवील. पण ही राहती घरं आहेत बरं का! विचारल्याशिवाय कुणाच्या व्हरांड्यात चढून फोटो काढू नका. आणि दुपारी दोन ते चार गल्लीत आरडाओरडा तर मुळीच नको. ती वेळ झोपेची.