पथकर, दंड आणि न्याय

जुन्नरकडून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्याशी एक दगडी रांजण आहे. घाटाने जाणारे व्यापारी जकातीची नाणी या रांजणात टाकीत, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. वाट राखणाऱ्याने मोबदला घ्यावा व वाटसरूने तो खळखळ न करता द्यावा, हा व्यवहार आपल्याला नवा नाही, एवढे तरी तिच्यावरून दिसते. मात्र या व्यवहारात न्याय कशाला म्हणावयाचे, याचा विचार श्रोत्यांनी अवश्य करावा.

पथकराचा कायदा आपल्या देशात 1851 सालीच झाला. राष्ट्रीय महामार्गांवरील वसुली ही 1956 च्या अधिनियमाखालील 2008 च्या नियमांनुसार होते. आपण बोलताना 'पथकर' म्हणतो. परंतु नियमांच्या दृष्टीने ते शुल्क आहे. कर राज्याच्या सर्वसाधारण खर्चासाठी असतो. शुल्क हे विशिष्ट सेवेचे मोल असते. साहजिकच सेवा उणी पडली, तर मोल मागण्याचा अधिकारही दुबळा होतो. केरळात त्रिशूर जिल्ह्यातील पालियेक्करा नाक्यावर 2025 च्या ऑगस्टमध्ये नेमके हेच घडले. रस्त्याची दुरवस्था व वाहनांचा खोळंबा पाहून उच्च न्यायालयाने वसुली स्थगित केली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. ऑक्टोबरात वसुली पुन्हा सुरू झाली; पण शुल्काबरोबर रस्त्याची जबाबदारीही येते, हे सर्वांना दिसून आले.

आता दंडाविषयी. 2021 च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि तो नसणाऱ्यास दुप्पट शुल्क पडू लागले. नाक्यावरील रांगा कमी व्हाव्यात, हा हेतू योग्यच होता. परंतु मुद्दाम टाळाटाळ करणारा आणि ऐन वेळी अडचणीत सापडलेला, असे दोघेही एकाच मापाने मोजले जात. 2025 च्या नोव्हेंबरात या नियमाला थोडी मुरड घालण्यात आली: वैध फास्टॅग नसलेल्याने यूपीआयने पैसे भरल्यास सव्वापट, रोखीने भरल्यास दुप्पट. दोषाप्रमाणे दंड असावा, या तत्त्वाकडे टाकलेले हे एक पाऊल होय.

याहून महत्त्वाची तरतूद 2018 सालची आहे. वाहनाचा फास्टॅग वैध आहे, खात्यात पुरेशी रक्कम आहे, आणि नाक्यावरील यंत्रच बिघडलेले आहे. अशा वेळी वाहन विनाशुल्क सोडावयाचे व चालकास शून्य रकमेची पावती द्यावयाची. दोष ज्याचा, भुर्दंड त्याचा, असा हा सरळ न्याय आहे. पण मध्यरात्री मागे वाहनांची रांग लागलेली असताना, कर्णे वाजत असताना, किती चालक ही पावती मागू शकतील?

त्यातही मालमोटारीच्या चालकाची स्थिती विचारात घ्यावी. फास्टॅगचे खाते बहुधा मालकाच्या नावे असते. शिल्लक किती, हे चालकाला ठाऊक असतेच असे नाही. मालकाने पैसे भरावयाचे राहून गेले, तर नाक्यावर अडतो तो चालक. दुप्पट रक्कम त्याने आपल्या प्रवासखर्चातून भरली, तर हयगय एकाची व शिक्षा दुसऱ्याला, असा प्रकार होतो.

शासनाच्या सेवेत असल्याने मला ठाऊक आहे की, नियम लिहिणे त्या मानाने सोपे असते. तो नाक्यावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचविणे कठीण. शून्य रकमेच्या पावतीचा नियम प्रत्येक नाक्यावर, स्थानिक भाषेत, चालकाच्या नजरेच्या उंचीवर, ठळक अक्षरांत लावलेला असावा. बिघाड यंत्राचा की वाहनाचा, हे ठरविण्याचा भार चालकावर नसावा. आणि चुकीने कापलेली रक्कम त्याला अर्जविनंत्यांवाचून परत मिळावी. शुल्क वसूल करताना शासन जितके तत्पर असते, तितकेच ते परत करतानाही असले, म्हणजे वाटसरू ते कुरकुर न करता देईल.